हनोई: वीतभर उंचीच्या स्टुलावरून

ओली भेळ

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईला घेऊन हनोईला, व्हिएतनामच्या राजधानीत, जाऊन आले. आल्यापासून प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच इथे टंकते. काय काय पाहिलं याची यादी देणार नाही, पहिल्या चार दिवसांत जे डोळ्यांत भरलं तेवढंच लिहिते.

हनोईच का? आईची एकच अट होती, मध्ये विमान बदलायचं नाही. मुंबईहून थेट विमान मिळालं, २५ डॉलरात घरबसल्या ई-व्हिसा झाला, निघालो.

तीस वर्षं पुण्यात दुचाकी चालवलेल्या बाईला दुचाक्यांचं काय कौतुक, असा माझा तोरा होता. हॉटेलातून बाहेर पडलो आणि पहिल्याच रस्त्याला तो उतरला. जेमतेम तीस फुटी रस्ता, पण स्कूटरींचा लोंढा काही थांबेना. आपल्याकडे रस्ता ओलांडणं म्हणजे वाटाघाट असते. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, हात दाखवायचा, तो जरा वेग कमी करतो, आपण जरा पळतो, आणि दोघंही मनातल्या मनात एकमेकांचा उद्धार करतो. मी तेच केलं. हात दाखवला, दोन पावलं पळाले, थबकले, मागे आले. माझ्या या नाचामुळे एक मुलगी पडता पडता वाचली.

आईने माझा दंड धरला. "पळू नकोस गं. वारीत चालतो तशी चाल."

आई दोनदा पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालली आहे. तिचं म्हणणं, पाय एका लयीत पडत राहिले की मागचे-पुढचे सांभाळून घेतात, तू मध्येच थांबलीस की तुडवली गेलीस. आणि ती निघालीसुद्धा. कुणाकडे बघणं नाही, घाई नाही, रेंगाळणं नाही. स्कूटरी तिच्या अलीकडून-पलीकडून निघून गेल्या, एकीलाही ब्रेक दाबावा लागला नाही. मी पन्नाशीची बाई, आईचा पदर धरून रस्ता ओलांडला.

हॉर्न वाजतात, भरपूर वाजतात. पण त्यांत राग नसतो, "मागे मी आहे हं" एवढंच. हा फरक कळायला मला दोन दिवस लागले.

आता फुटपाथ. तो चालण्यासाठी नसतोच. अर्ध्यावर स्कूटरी उभ्या, उरलेल्या अर्ध्यावर संसार. कोणी पालेभाजी निवडतंय, कोणी भांडी घासतंय, एका झाडाच्या बुंध्याला आरसा टांगून न्हावी केस कापतोय. आणि जिकडे तिकडे लाल-निळी प्लास्टिकची स्टुलं. आपल्याकडे न्हाणीघरात असतात तेवढी, वीतभर उंच. सूट घातलेले साहेब, कॉलेजच्या पोरी, म्हातारे, सगळे त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. या शहराकडे उभ्याने बघितलं तर निम्मं दिसतच नाही, ते खाली बसून बघायचं असतं.

पण आईचे गुडघे! दुसऱ्या दिवशी सकाळी एका गल्लीच्या तोंडाशी चहावाली दिसली. एक थर्मास, काचेचे पाच-सहा पेले, बर्फाचा डबा, शेंगदाण्याच्या चिक्कीसारख्या वड्यांची बरणी, एवढंच दुकान. तिने आईकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. म्हणजे "दुखतात का?" आई म्हणाली, "हो ना बाई, फार." चक्क मराठीत. बाईने चार स्टुलं एकात एक अडकवून चांगलं उंच आसन केलं आणि वरचं स्टूल फडक्याने पुसलं. आई त्यावर ऐसपैस, मी शेजारी तिच्या गुडघ्याच्या खाली. त्यानंतर रोज सकाळी आम्ही तिथेच गेलो. तिसऱ्या दिवशी आम्ही लांबून दिसताच तिने स्टुलं रचायला घेतली होती.

चहा बिनदुधाचा, हिरवट, चांगलाच तुरट, बर्फ घातलेला. त्याला म्हणतात चा डा. डा म्हणजे बर्फ आणि चा म्हणजे आपला चा! आईला हे एवढं आवडलं की दिवसभर "चला, चा घेऊ" चालू होतं.

तिथे भेटलेला माणूस लवकरच तुमचं वय विचारतो. पहिल्यांदा मला ते चमत्कारिक वाटलं. हॉटेलातल्या मुलीने खुलासा केला. वय कळल्याशिवाय बोलायचं कसं? "तू" आणि "मी" साठी त्यांच्याकडे नातीच वापरतात. जरा मोठी असेल तर ची म्हणजे ताई, आणखी मोठी असेल तर को, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिने ते इंग्रजीत आँट म्हणून सांगितलं आणि "पण बरोबर तसं नाही" म्हणून अडखळली. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे, आत्या. आई अर्थातच बा, आजी. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलभर बा, बा.

जुन्या शहरात छत्तीस गल्ल्या, असं म्हणायची पद्धत. गल्लीच्या नावात हांग, म्हणजे माल, आणि पुढे त्या मालाचं नाव. हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याची, हांग डोंग तांब्याची. (त्यांच्या चलनाचं नाव डोंग, तेही याच तांब्यावरून.) तांबट आळी, बुरूड आळी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बऱ्याच गल्ल्यांत आता नावाचा माल उरलेला नाही, पण हांग थिएकमध्ये अजून पत्रे ठोकत बसलेली माणसं दिसली. आवाज थेट तांबट आळीचा.

मी रमले ती हांग मा मध्ये. कागदी वस्तूंची गल्ली. कागदाचे शर्ट, कागदाचे बूट, कागदी डॉलरच्या गड्ड्या, कागदी मोबाइल, आणि खोक्यात बसवलेली, आरसे-हँडलसकट कागदी स्कूटर. हे सगळं पितरांसाठी. जाळलं की त्यांना पोचतं. आईने स्कूटर हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली, किंमत विचारली आणि खाली ठेवली. "तुझ्या बाबांनी जन्म सायकलवर काढला. आता कुठे शिकणार स्कूटर." आणि पुढच्या दुकानाकडे वळली.

हो ची मिन्ह, म्हणजे त्यांचे स्वातंत्र्यलढ्याचे नेते. त्यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. आम्ही शुक्रवारी गेलो. असो.

व्हान मिएउ, म्हणजे साहित्य मंदिर, मात्र नीट पाहिलं. १०७० सालचं, कन्फ्यूशियसचं देऊळ, आणि १०७६ पासून तिथे राजविद्यालय. आवारात ८२ शिलालेख आहेत, राजदरबारी परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेले, आणि प्रत्येक शिळा दगडी कासवाच्या पाठीवर. देवळात शिरताना कासवाला नमस्कार करायची आईची सवय. तिने पहिल्याला केला, दुसऱ्याला केला, मग पुढची रांग बघून एकच मोठा केला.

कासव या शहराचा पिच्छा सोडत नाही. मधोमध होआन किएम तळं आहे. नावाचा अर्थ "परत दिलेली तलवार". पंधराव्या शतकात ले लोय नावाच्या वीराने मिंग घराण्याच्या चिनी फौजांना हाकललं, त्याला दैवी तलवार मिळाली होती, आणि काम झाल्यावर तळ्यातल्या कासवाने ती परत मागून घेतली, अशी कथा. तळ्यात खरोखरचं एक प्रचंड कासव होतं, ते जानेवारी २०१६ मध्ये मेलं. आता काचेच्या पेटीत ठेवलंय, तळ्यातल्याच देवळात.

एक फटका बसला तोही सांगते. कावड घेतलेली एक बाई फळं विकत होती. कावड म्हणजे अगदी आपली कावड, बांबू आणि दोन बाजूंना टोपल्या. पपनसाच्या सोललेल्या फोडी घेतल्या, २० हजार डोंग दिले. रात्री आई वहीत हिशेब लिहायला बसली (ती परदेशातही वही नेते) तर ताळमेळ लागेना. वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाचीही निळी. मी पाच लाख देऊन आले होते. साधारण सोळाशे रुपयांचं पपनस.

खाण्याबद्दल खाली लिहीन, कुकर लावायचाय.

चिंचेचा कोळ

मस्त लिहिलंयस. पदर वाचून हसले आणि मग जरा गप्प झाले. पण मुद्द्याचं सांग, काकू शाकाहारी ना? उपाशी ठेवलंस की काय?

रिकामा डबा

+१. शिवाय फोटो कुठायत?

अंड्याची कॉफी प्यायलात का नाही? हनोईला जाऊन ती न पिणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन मिसळ न खाणं. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन व्हान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला. पुढे त्यांनी स्वतःचं कॅफे काढलं, ते आजही घरच्यांकडे आहे. अरुंद बोळातून आत जावं लागतं. कपाचा तळ गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, कारण गार झाली की अंड्याचा वास पुढे येतो.

ओली भेळ

@रिकामा डबा, मी दोन कप प्यायले. खरवस आणि कॉफी यांचं लग्न लावल्यासारखं लागतं. आईने वास घेतला आणि कप माझ्याकडे सरकवला.

@चिंचेचा कोळ, इथेच खरी गंमत आहे. चा म्हणजे चहा, पण चाय म्हणजे शाकाहारी! "आन चाय" म्हणायचं, म्हणजे शाकाहार करतो. पहिल्या दिवशी हे माहीत नव्हतं. "नो मीट, नो फिश" सांगून टोफू मागवला, तो आला न्युओक मामच्या वाटीसकट. न्युओक माम म्हणजे मीठ घालून मुरवलेल्या माशांचं पाणी, त्यांच्याकडे मिठाच्या जागी. त्यांच्या लेखी तो मासा नाहीच. आईने दही-भाताची आठवण काढत कोरा भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या मुलीने "कोम चाय" अशी पाटी शोधायला सांगितलं. एका देवळाजवळ खानावळ सापडली. केळफुलाची कोशिंबीर, फणसाची भाजी, लेमनग्रासमधला टोफू, तीळकूट घातलेला भात. आईने केळफूल दोनदा मागून घेतलं आणि "आपण ताकात भिजवतो, यांनी लिंबाच्या पाण्यात भिजवलंय" असा निकाल दिला. तिथे एवढी गर्दी का, तर पौर्णिमा होती. चांद्र महिन्याची १ आणि १५ तारीख बरेच लोक चाय पाळतात. सकाळी रस्तोरस्ती झेंडूची आणि शेवंतीची फुलं, दुकानाच्या दाराशी उदबत्त्या. त्यांचा महिना अमावास्येला सुरू होतो, म्हणजे जवळपास आपल्याच अमान्त पंचांगासारखा, अधिक महिनाही असतो. शाकाहारी मंडळींनी तिकीट काढताना कालनिर्णय उघडून बघावं. एखाद्या दिवसाचा फरक धरा.

सासवडचा नाना

ताई, दैवी तलवार वाचून भवानी तलवारच आठवली. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, आणि त्यांचे मंत्री रायगडावर येऊन माती घेऊन गेले, असं वाचलं आहे. तिकडे महाराजांचं काही स्मारक दिसलं का?

मोरपंखी चष्मा

नाना, ते वाचलंत कुठे? व्हॉट्सॅपवर ना? मलाही वर्षातून चार वेळा येतं, दर वेळी मंत्र्याचं नाव वेगळं आणि साल वेगळं. मूळ भाषण, वर्तमानपत्राचं कात्रण, काहीही असेल तर इथे टाका, मी जाहीर माफी मागेन.

महाराजांचं मोठेपण सिद्ध करायला व्हिएतनामच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि व्हिएतनामलाही गनिमी कावा बाहेरून आणायची गरज नव्हती. १२८८ मध्ये बाक डांग नदीच्या पात्रात लोखंडी टोकाचे खुंट रोवून भरतीच्या वेळी मंगोल आरमार आत ओढलं आणि ओहोटीला खुंटांवर अडकवून मारलं, ते याच लोकांनी. ले लोयची लढाई १४१८ पासून दहा वर्षं चालली, तीही डोंगर-रानातूनच सुरू झाली. दिएन बिएन फूला १९५४ मध्ये फ्रेंचांना हरवणारा सेनापती व्हो न्गुएन जाप आधी इतिहासाचा शिक्षक होता. तोफा सुट्या करून माणसांनी डोंगरावर ओढल्या, रसद सायकलींवरून ढकलत नेली. मुलुख माहीत असणं आणि मुलुखातली माणसं आपल्या बाजूला असणं, हे महाराजांनाही कळलं होतं आणि यांनाही. साम्य आहे ते तिथे.

सासवडचा नाना

मान्य. पण तो निरोप आमच्या शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी टाकलाय, तिथे मी हे लिहिणार नाही.

जुना खाकी

चष्मा यांच्याशी सहमत. हनोईशी आपला खराखुरा संबंध कुणाला आठवत नाही याचं वाईट वाटतं. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, बरोबर कॅनडा आणि पोलंड. आपले कितीतरी फौजी अधिकारी आणि जवान तिकडे राहून आले. माझे मामा त्यांतले एक. त्यांनी आणलेली लाखकामाची काळी डबी आजीने देव्हाऱ्यात ठेवली होती, कुंकवासाठी. झाकणावर दोन टोकदार टोप्या घातलेल्या बायका आणि एक होडी. लहानपणी आम्हाला ती लक्ष्मी आणि सरस्वती वाटायची.

मामा सांगत, शहरात तेव्हा सायकलीच सायकली. त्यांनी लाँग बिएन पुलाची फार वर्णनं केली होती. तो अजून आहे का?

ओली भेळ

@जुना खाकी, आहे! फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधलेला, अमेरिकी बाँबनी कमरेत मोडलेला, पुन्हा उभा केलेला. काही गाळे उंच कमानीचे आणि काही सपाट आहेत ते त्यामुळेच. मध्ये रेल्वे, दोन्ही कडांना स्कूटरी आणि सायकली. आणि एक विशेष बघा, सगळा देश उजवीकडून चालतो, या पुलावर मात्र वाहनं डावीकडून जातात. आई म्हणाली, "इथे बरं वाटतंय, सगळं बरोबर बाजूला आहे."

डबीचा फोटो टाका ना.

खवचट पाहुणा

कौतुकसोहळ्यात विरजण घालतो, माफ करा. मी सायगावात (म्हणजे हो ची मिन्ह सिटीत) सहा वर्षं नोकरीला आहे, कामानिमित्त हनोईला सतत जाणं होतं.

एक. हिवाळ्यात हनोईची हवा भयंकर असते. लांबची इमारत दिसत नाही, तुम्ही ज्याला धुकं समजून फोटो काढता तो बऱ्याचदा धूर असतो. दोन. फुटपाथवरचा संसार पर्यटकाला गोड वाटतो, पण ज्यांची दहा बाय दहाची खोली आहे ते फुटपाथवर हौसेने बसत नाहीत. बोळातल्या नळकांडी घरांत एकेका मजल्यावर एक कुटुंब असतं, शिडीसारखा जिना आणि मोरी सगळ्यांत मिळून एक. तीन. "हॉर्नमध्ये राग नसतो" हे चार दिवसांचं मत आहे. संध्याकाळी सहाला कार्यालयं सुटल्यावर जाऊन उभ्या राहा.

आणि शिस्त आली आहे ती दंडाने. १ जानेवारी २०२५ पासून दुचाकीने सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डोंग दंड, म्हणजे आपले १३ ते २० हजार रुपये. फुटपाथवर स्कूटर घातली तरी तेवढाच. त्याच्या आधीचं हनोई तुम्ही पाहिलेलं नाही.

दादर फलाट सहा

वीस हजार!! हे पुण्यात लावलं तर महापालिकेचं अंदाजपत्रक आठवड्यात शिलकीत जाईल.

अवांतर: शहराच्या मध्यभागात, पहिल्या रिंगरोडच्या आत, १ जुलै २०२६ पासून पेट्रोलच्या दुचाक्या बंद करा, असा आदेश तिथल्या सरकारने जुलै २०२५ मध्ये काढला. लाखो लोकांचं पोट त्या स्कूटरवर आहे, तेव्हा कसं काय जमवतात ते बघायला मी पुन्हा जाणार आहे.

ओली भेळ

@खवचट पाहुणा, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तिसऱ्या दिवसापासून खोकत होते. दंडाचं मला ठाऊकच नव्हतं, सांगितलंत ते बरं झालं. पण दुसऱ्यावर थोडं भांडते. मी सदाशिव पेठेत वाड्यात वाढले. दोन खोल्या, नळ चौकात, संडास सामायिक. आम्हीही ओट्यावर हौसेने बसत नव्हतो, आत जागा नव्हती म्हणून बसत होतो. पण बसत होतो ना! आणि आता तीन खोल्यांत राहून शेजारणीचं नाव माहीत नाही. मला ते फुटपाथ गोड वाटले नाहीत, ओळखीचे वाटले.

तिसरा मुद्दा: संध्याकाळी सहाला आई झोपलेली असायची, त्यामुळे पास.

चिंचेचा कोळ

आम्ही जानेवारीत जायचं म्हणतोय, सासू-सासरे बरोबर. थंडी किती? आणखी काही जपायचं?

रिकामा डबा

पारा दहा-पंधरापर्यंत उतरतो, आणि दमट थंडी असते, हाडांत शिरते. स्वेटर न्याच. फेब्रुवारी-मार्चमध्ये भुरभुर पाऊस आणि एवढी ओल की भिंतींना आणि फरशीला घाम फुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

आणि बूट. जुन्या शहरात एखादा इसम वाकून तुमच्या बुटाकडे बोट दाखवेल, "तुटलाय" म्हणेल आणि तुम्ही काही बोलायच्या आत गोंद लावायला घेईल. मग मागेल ते पैसे द्यावे लागतात. माझ्या नव्याकोऱ्या बुटाला टाके घातले. पाय मागे घ्या आणि चालू पडा.

पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, हे आता ओली भेळ सांगतीलच.

ओली भेळ

सांगते. वेगळ्या कप्प्यात नाही, वेगळ्या पाकिटात, आणि ते पाकीट सासूबाईंकडे.

जुना खाकी

एक विचारायचं राहिलं. आईंनी त्या पपनसाची नोंद वहीत शेवटी कशी केली?

ओली भेळ

आत्ता उठून वही बघून आले. "पपनस, ५ फोडी, ५ लाख." खोडाखोड नाही, बाजूला काही शेरा नाही. त्याच्या खालच्याच ओळीत "चा, २ पेले, १० हजार."

फोटो चढत नाहीयेत, साइज मोठी दाखवतंय. भाचा रविवारी येणार आहे, त्याच्याकडून लहान करून घेते.